काय ऐकताय, आणि का? आमच्या ऐकण्याच्या बैठकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही बैठक म्हणजे नेमकं काय? कुणी गायला येतं का?

गायला कुणी येत नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही आठ-दहा जण सांगलीत कुणाच्या तरी घरी जमतो, सतरंजीवर बसतो आणि एकत्र ऐकतो. सध्या आपण जे ऐकतोय त्यातलं काहीतरी प्रत्येकानं पाळीपाळीनं आणायचं. लावण्याआधी किंवा लावून झाल्यावर, ज्याला जसं जमेल तसं, हेच का आणलं ते सांगायचं. मग बाकीचे बोलतात. मध्ये चहा होतो. आठला संपवायचं ठरलेलं आहे, पण पुष्कळदा साडेनऊ वाजतात आणि घरून फोन यायला लागतात.

वर्गणी नाही, सभासदत्व नाही. ज्याच्या घरी बैठक त्याचा चहा.

मला राग ओळखता येत नाहीत. ताल तर अजिबातच कळत नाही. मी आले तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा आवाज खाली आणून विचारला जातो. जरूर या.

आमच्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. पहिल्या खेपेला त्यांनी भीमसेन जोशींचा एक अभंग आणला, आम्हा सगळ्यांच्या कानावरून शंभरदा गेलेला. लावण्याआधी ते काहीच बोलले नाहीत. शेवटच्या कडव्यापाशी त्यांनी एकदम हात वर केला, गाडीतली घंटीची दोरी ओढावी तसा, आणि म्हणाले, "जरा मागं घ्या. विठ्ठल म्हणायच्या आधी ते थांबल्यात बघा. शब्द ओठावर आलाय, पण सोडंनात." आम्ही मागे घेतलं. खरंच, त्या शब्दाच्या आधी एक बारीकशी फट होती. तबला चालू, टाळ चालू, आणि गळा तेवढा थांबलेला. पुढची दहा मिनिटं आम्ही तीच ओळ परत परत लावत होतो. आमच्यात दोघी संगीत विशारद आहेत. त्यांनाही ती फट तोवर ऐकू आली नव्हती.

याला आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे, जागा. "काय जागा घेतली!" असं आपण सहज म्हणतो. ज्याला अशी एक जागा बोट ठेवून दाखवता येते त्याला गाणं कळतं, असं मी मनापासून मानते. रागाचं नाव नंतर शेजारच्याला विचारता येतं.

"का ऐकताय" याचं उत्तर कसं द्यायचं? "आवडतं म्हणून" एवढं पुरत नाही का?

सुरुवातीला पुरतं. पण आपण जमतो ते या "का"साठीच, म्हणून थोडं खोलात सांगते.

पहिल्या बैठकीत बहुतेक जण मोठी कारणं देतात. "दैवी आवाज", "आत्म्याला भिडतं", "असा गायक पुन्हा होणे नाही". यातलं काही खोटं नसतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे गायकाची हकिकत. कुमार गंधर्वांना क्षय झाला, त्यासाठी ते देवासला राहायला गेले, कित्येक वर्षं गाणं बंद होतं, एक फुप्फुस निकामी झाल्यावरही ते पुन्हा उभे राहिले. ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी अंगावर काटा येतो. पण ती सांगून थांबू नका. त्यांचं निर्गुणी भजन लावा आणि छोट्या छोट्या तुकड्यांत उसळणारा आवाज, दोन तुकड्यांमधली शांतता आणि पुढचा स्वर अचानक कसा फेकल्यासारखा येतो, ते दाखवा. मग ती हकिकत आम्हाला कानांनी कळेल.

मला आठवतं त्यातलं सगळ्यात चांगलं "का" एका शिक्षिकेचं होतं. त्यांनी अमीर खाँसाहेबांचा मारवा आणला होता, ज्या लाँग प्लेच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे तोच. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र. एरवी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावतात. इथे पंचमच नसल्यामुळे ती बहुधा निषादाला (नी) लावावी लागते, आणि तिथूनच ओळखीची जमीन पायाखालून सरकते. पण मारव्याची खरी गंमत षड्जात, म्हणजे सा या स्वरात, आहे. गाणारा रिषभावर आणि धैवतावर (ध) रेंगाळत राहतो आणि षड्जाला टाळत राहतो. सा हे सगळ्या स्वरांचं घर. मारवा त्या घराच्या अंगणात फिरतो, उंबऱ्यापर्यंत येतो, परत वळतो.

बाई म्हणाल्या, "हे गेले. त्याला दोन वर्षं होतील. दिवेलागणीला फाटक वाजलं की अजून मान वळते. कुणी येणार नाही हे ठाऊक असतं. मारवा ऐकताना माझी मान तशीच वळते, सा येईल म्हणून." मग त्यांनी ती जागा दाखवली. बराच वेळ टाळलेला षड्ज अखेर लागतो, पण त्यावर खाँसाहेब जेमतेम टेकतात आणि लगेच उठतात. आम्ही कुणी काही बोललो नाही. चहा गार झाला.

त्या दिवसानंतर मला मारवा वेगळा ऐकू येतो. माझ्या घरी सगळी माणसं आहेत, तरी ते फाटक मलाही ऐकू येतं. एकट्यानं ऐकून मला हे मिळालं नसतं, आणि एवढ्याचसाठी मी ही बैठक चालवते.

पुढच्याच महिन्यात एकीनं पूरिया आणला आणि एका तरुण मुलानं सोहनी. तिन्ही रागांचे स्वर तेच. पूरिया गंधार (ग) आणि निषादाकडे झुकतो आणि खाली, मंद्रात रमतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती चमकत राहते. तेच सहा स्वर आणि तीन वेगळी माणसं. तो दीड तास आम्हा सगळ्यांना एखाद्या वर्गाहून जास्त शिकवून गेला.

किती वेळाचं आणायचं?

साधारण वीस मिनिटं. पण तीन मिनिटांचं आणलंत तर मला विशेष आनंद होईल.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या मोठ्या गवयांनी तासाभराचा ऐवज त्या तीन मिनिटांत बसवला. काहींना ते जमलंच नाही, काहींनी नकार दिला. पण ज्यांनी बसवला त्यांच्या तबकड्यांत एक कण वाया गेलेला नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचं झिंझोटीतलं "पिया बिन नाही आवत चैन" ऐका. कुठे घाई नाही आणि कुठे फुगवटाही नाही. हीच तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन जोशी गाण्याच्या शोधात घर सोडून निघाले.

केसरबाई केरकरांची "जात कहाँ हो" ही भैरवीही साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर भारतातून हीच एक चीज आहे. दोन्ही यानं त्या वर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला निघाली, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई त्याच सप्टेंबरमध्ये गेल्या. आम्ही ती भैरवी एका डिसेंबरात गच्चीवर ऐकली, दिवे मालवून. कुणी सुचवलं होतं ते आता आठवत नाही.

सकाळचा राग संध्याकाळी लावला तर चालतो का?

यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझं मत, चालतो, पण अर्धा ऐकू येतो.

वर्षातून दोनदा आम्ही पहाटे जमतो, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा मार्चच्या सुमाराला. पाच वाजता, अंधार असतानाच ललत हा पहाटेचा राग लावतो. ललतात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. दिवसा ऐकलं तर हा नुसता चमत्कृतीचा प्रकार वाटतो. पहाटे, खिडकीबाहेर काळं आणि निळं एकमेकांत मिसळत असताना, त्यात चमत्कृती म्हणून काही उरत नाही.

दुसरा प्रयोग तुम्ही घरी करून बघा. भूप आणि देसकार, दोघांचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा. देसकार सकाळचा, धैवताकडे ओढ असलेला, वरच्या अंगानं चालणारा. किशोरी आमोणकरांचं "सहेला रे" सूर्यास्तानंतर लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत कुणाचाही देसकार. स्वर तेच असूनही दुसरं दार उघडल्यासारखं वाटेल. आमच्या एका सभासदाला दोन्हींतला फरक सहा महिने कळत नव्हता. एके दिवशी आकाशवाणीवर सकाळी देसकार लागला, हे दाढी करत होते, आणि त्यांना तो कळला. त्यांनी फेस तसाच ठेवून मला फोन केला होता.

घराण्यांवरून वाद होतात का?

होतात, आणि होऊ द्यावेत, पण तावातावानं नव्हे. घराणं म्हणजे गुरूकडून शिष्याकडे चालत आलेली गायकीची परंपरा; किराणा, जयपूर, ग्वाल्हेर ही त्यांची नावं. "आमचे किराण्याचे सूर" आणि "तुमची जयपूरची लय" अशी भाषा सुरू झाली की मी दोन्हीकडची एकेक चीज लावायला सांगते. सूर लागला की आवाज आपोआप खाली येतात.

एक गोष्ट मात्र मला सांगाविशी वाटते. सांगली-मिरज हा जेमतेम दहा किलोमीटरचा टापू. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकवत होते. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचाराला मिरजेला आला आणि बुवांकडे शिकू लागला. तेच पुढे विष्णु दिगंबर पलुसकर झाले, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना पुरलं आहे आणि उरुसात आजही तिथे गाण्याची सभा होते. मल्लिकार्जुन मन्सूर जयपूर-अत्रौलीचे म्हणून आपल्याला ठाऊक असतात, पण त्यांचं सुरुवातीचं शिक्षण मिरजेच्या नीलकंठबुवांकडे, ग्वाल्हेरच्या तालमीत झालं. म्हणजे एकाच गावात, एकाच पाण्यावर, ही सगळी गाणी वाढली. मन्सूरअण्णांचा खोकर किंवा रायसा कानडा हा राग लावून त्यात ग्वाल्हेर कुठे डोकावतं ते शोधणं, यासारखा चांगला वाद नाही.

शास्त्रीयच आणायला हवं का? लावणी, भीमगीतं, सिनेमाची गाणी, रॅप?

काहीही आणा. अट एकच, तुम्ही ते खरोखर ऐकत असलं पाहिजे. लोकांना बरं वाटेल म्हणून आणलेलं लगेच कळतं.

सुलोचना चव्हाणांच्या लावणीवर आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली. पदर सावरून बसलेली, डोक्यावरून पदर घेऊन गाणारी बाई आणि आवाजात ती धार! जिनं आणली तिनं "का" सांगताना शब्दांवर बोट ठेवलं. शब्दाचं शेवटचं अक्षर त्या कशा मुरडतात आणि ढोलकीच्या थापेवर कशा सोडतात, ते तिनं चार ठिकाणी थांबवून ऐकवलं. विठ्ठल उमपांचा आवाज एकानं आणला तेव्हा त्यानं सांगितलं की १४ एप्रिलला वस्तीत कर्ण्यावर हा आवाज लागला की त्याची आजी घर सारवायला घ्यायची. कर्ण्यातून आलेला तो आवाज, थोडा फाटलेला, लांबून वाऱ्याबरोबर कमीजास्त होणारा, हाच त्याच्या दृष्टीनं खरा आवाज. स्वच्छ ध्वनिमुद्रण ऐकताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपण गाणं ऐकतो तेव्हा ते ज्या जागी पहिल्यांदा ऐकलं ती जागाही ऐकत असतो.

अभियांत्रिकीच्या एका मुलानं मेटल आणलं. आमच्यातल्या दोन आजींनी कानात बोटं घातली, हे खरं. पण आमचे तबलावादक सभासद ताडकन पुढे सरकले. दोन्ही पायांनी वाजवलेला तो ढोल त्यांनी मांडीवर मोजला आणि म्हणाले, "हा दुगणीत आहे, आणि हात आडीत टाकतोय." दुगण म्हणजे दुप्पट लय, आड म्हणजे दीडपट. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मोबाइलवरून लावलं तर चालेल? कसला स्पीकर लागतो?

मोबाइलमधलं चालेल, पण मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर नको. त्याला खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, झेपत नाही. साधा, पुस्तकांच्या फळीवर ठेवायचा जोडस्पीकर असला तरी पुरे. आवाज फार मोठा ठेवू नका. बैठकीत गवई समोर बसून गाईल तेवढाच ठेवा.

फाइल शक्यतो चांगल्या दर्जाची आणा. याचं कारण तंबोरा. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत एकदा जाऊन बघा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे टांगलेले असतात, खाली लाकडाचा भुसा, आणि एखादा कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेऊन जवारी काढत, म्हणजे तारेचा नाद उघडावा म्हणून घोडी घासत, बसलेला असतो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा तो कानसेनं इतका हलका घासतो की हात हलतोय की नाही कळत नाही. दोनदा घासतो, तार छेडतो, कान जवळ नेतो, परत घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवतो. दोरा एका ठिकाणी येईपर्यंत तार नुसती टणटण वाजते, आणि तिथे आला की ती एकदम उघडते. एका तारेतून तिचे वरचे स्वर एकामागून एक झरायला लागतात, खर्जातून गंधार आपोआप बोलतो. ते पहिल्यांदा समोर ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

फार दाबलेल्या एमपीथ्रीत पहिल्यांदा जातं ते हेच. गळा ऐकू येतो, तबला ऐकू येतो, आणि मागचा तंबोरा मात्र पत्र्यावर पाऊस पडावा तसा सळसळतो. ज्या स्वरावर गवई उभा आहे तोच गेला तर आपण काय ऐकतोय?

घरी जुन्या कॅसेट आहेत. त्यांचं काय करू?

कृपा करून टाकू नका. हे उत्तर मोठं आहे, पण ज्यांच्या माळ्यावर खोकं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आपल्या भागात घरोघरी अशा कॅसेट आहेत. रेडिओवरून उतरवलेली सभा, गणपतीत कुणाचं झालेलं गाणं, कुणाच्या दिवाणखान्यातली खासगी मैफल. यातलं कित्येक गाणं दुसरीकडे कुठेही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या एका सभासदाची चार खोकी बुडाली. पाणी उतरल्यावर त्यांनी ती फेकायला बाहेर काढलेली आम्ही परत आत नेली. तुमच्यावर असा प्रसंग आला तर, ओली कॅसेट वाजवायला जाऊ नका आणि उन्हातही ठेवू नका. स्वच्छ पाण्यानं, जमल्यास डिस्टिल्ड वॉटरनं, गाळ धुऊन काढा आणि सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. ज्या कॅसेट चार-पाच बारीक स्क्रूंनी जोडलेल्या असतात त्या उघडून आतली फीत दुसऱ्या रिकाम्या खोळीत बसवता येते. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, आणि त्यानंतरच वाजवताना संगणकावर उतरवून घ्या. दर दोन-तीन कॅसेटींनंतर हेड स्पिरिटच्या कापसानं पुसा. सगळ्या वाचल्या नाहीत. पण एका कॅसेटवर, चिखलाचा डाग असलेल्या, त्या सभासदाच्या वडिलांचा आवाज निघाला. गाणं संपल्यावर ते "वा, बुवा" एवढंच म्हणाले होते.

आणखी एक काळजी. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडून टाका म्हणजे तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. हे मी अनुभवानं सांगते. वडिलांनी भरलेली एका खासगी मैफलीची कॅसेट मी ओळखीच्या एकांना ऐकायला दिली होती. परत आली तेव्हा तिच्यावर बारशाचा गोंगाट होता. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना ती रिकामी वाटली. मी ते तुकडे मोडले असते तर त्या रात्रीचा बागेश्री आज माझ्याकडे असता. बावीस वर्षं झाली, अजून मी ते विसरलेले नाही.

उतरवून घेतल्यावर नाव नीट लिहा. कोण गातंय, तबल्यावर आणि पेटीवर कोण, कुठे, कधी, कोणता राग, आणि ही माहिती तुम्हाला कुणाकडून मिळाली. खात्री नसेल तिथे मोकळं सोडा. यूट्यूबवर चुकीच्या नावानं फिरणारं गाणं इतकं आहे की आम्ही तिथली नावं पडताळल्याशिवाय धरत नाही. आणि खासगी मैफल जाहीर करण्याआधी कलाकाराच्या घरच्यांना विचारा. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे ६० वर्षं असतो, हा झाला कायदा. पण कायद्याचा प्रश्न नसला तरी विचारावं. चार लोकांत, भरवशावर गायलेलं ते गाणं असतं.

ऐकताना बोललं तर चालतं का? दाद द्यायची का?

दाद द्या. ध्वनिमुद्रण आहे म्हणून दगडासारखं बसू नका. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलली, तोंडातून "अहाहा" निघालं, तर उत्तमच. गप्पा मात्र गाणं संपल्यावर.

लहान मुलांना आणावं का?

आणा. झोपली तर झोपू दे. माझं निम्मं गाणं मी आईच्या मांडीवर झोपेतच ऐकलं आहे.

मी परदेशात असतो. अशी बैठक आमच्याकडे कशी सुरू करू?

तीन माणसं आणि एक ठरलेला वार, एवढ्यावर सुरू होते. आमच्या एका सभासदाची मुलगी न्यू जर्सीत राहते, तिनं अशीच सुरू केली. पहिले तीन महिने ती आणि तिची एक मैत्रीण, दोघीच होत्या. तिचा सल्ला मला योग्य वाटतो : पहिल्या दिवशी मोठमोठ्या गवयांची यादी करू नका, कारण मग प्रत्येकाला परीक्षेला बसल्यासारखं होतं. आपल्या घरात सकाळी काय वाजायचं, ते आणायला सांगा. तिच्याकडे पहिल्या बैठकीत गीतरामायण आलं, नाट्यपदं आली, गुजराती गरबा आला आणि एक तमिळ सुप्रभातही.

यादी नको, तशी गुणांची वाटणीही नको. श्रेष्ठ कोण हा विषय निघाला की ऐकणं थांबतं.

सध्या तुम्ही स्वतः काय ऐकताय, आणि का?

मोगूबाई कुर्डीकर. गेले चार महिने, जवळजवळ रोज, स्वयंपाकाआधी.

त्यांची ध्वनिमुद्रणं फार थोडी आहेत आणि बरीचशी खरखरीत. किशोरीताईंच्या आई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि मीही त्यांना कित्येक वर्षं तशीच ऐकत होते, म्हणजे मुलीच्या गाण्याचं मूळ शोधत. या खेपेला तसं न ऐकायचं ठरवलं. आता मला दिसतं ते त्यांचं आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा तालाचा एक फेरा. समेवरून निघताना त्या कसलीही गडबड करत नाहीत. एक स्वरवाक्य मांडतात, त्याला जोडून दुसरं, तिसरं अर्ध्यात येतं तोवर मुखडा, म्हणजे समेवर आणणारा चिजेचा सुरुवातीचा तुकडा, जवळ आलेला असतो, आपल्या पोटात गोळा येतो की आता सम कशी गाठणार. आणि त्या तिसरं वाक्य न तोडता, न ओढता, चालता चालता समेवर पाऊल ठेवतात. पोळी लाटताना कडेपर्यंत सारखी जावी आणि मध्ये कुठे घडी पडू नये, तसं ते आवर्तन भरलेलं असतं.

दुसरं कारण गावाचं आहे. त्यांचं कुर्डी हे गाव गोव्यात साळावलीच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात जोती आणि देवळं वर येतात, गावची माणसं तिथे जमतात, आणि पावसाबरोबर सगळं परत पाण्याखाली जातं. मी गेल्या मे महिन्यात तिथे जाऊन आले. भेगाळलेल्या मातीवरून चालत सोमेश्वराच्या देवळापर्यंत गेले. घरांच्या नुसत्या चौकटी उरल्या आहेत, पायऱ्या कुठेच न जाणाऱ्या.

आणि तिसरं कारण आमच्या सांगलीचं. मोगूबाई लहान वयात तब्येतीच्या कारणानं इथे राहायला आल्या होत्या. अल्लादियाँ खाँसाहेबही त्याच सुमाराला औषधोपचारासाठी सांगलीत होते. जाता-येता या मुलीचा रियाज त्यांच्या कानावर पडला, ते थांबून ऐकू लागले, आणि मग शिकवायलाच बसले. ते घर नेमकं कुठे होतं ते मी शोधते आहे. गावभागातल्या दोन-तीन जुन्या वाड्यांची नावं लोकांनी मला सांगितली आहेत. पुढच्या दुसऱ्या रविवारी, साडेपाचच्या आधी, आमच्यातले चौघं तिकडे जाऊन येणार आहोत. तुम्ही येणार असाल तर चारला मारुती चौकात या.